साडेतीन मुठी मीठ

बत्तीस वर्षं मी दरवर्षी एकच विनोद करत आलो. येळ अमावस्येला शेतात पंगत बसली, भज्जीचा पहिला घास तोंडात गेला, की मी घसा साफ करायचो आणि स्टँडवर सूचना द्यावी तशा आवाजात म्हणायचो, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. यंदाच्या भज्जीत मीठ जरा कमी आहे." पंगत हसायची. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, निम्मी नोकरी सोलापूर स्टँडवर माईकसमोर गेली, त्यामुळं आवाज खणखणीत आहे. माझी बायको पार्वतम्मा पातेल्याजवळून म्हणायची, "घ्या की वरून." आणि पुढच्या पानात वाढायला लागायची.

ज्यांच्याकडं हा सण नाही त्यांना थोडं सांगावं लागेल. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात अख्खं गाव शेतात जेवायला जातं. ज्वारी पोटरीला आलेली, हरभरा घाटे धरायला लागलेला, तूर ओली. कडब्याची खोप करायची, आत पाच दगड मांडायचे, त्यांची पूजा करायची. नैवेद्याला भज्जी आणि आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे, पावट्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोले, गाजर, वांगं, मेथी, चाकवत, कांद्याची पात, त्या आठवड्यात रानात जे जे असेल ते सगळं एका पातेल्यात शिजवायचं आणि चिंचेच्या पाण्यात कालवलेलं बेसन लावायचं. आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाची पातळ कांजी, ताक घालून, मडक्यात दोन दिवस आंबवलेली. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचं, असा रिवाज आहे. आमचं शेत अक्कलकोट रोडला, वळसंगच्या पुढं. तिथं दरवर्षी चाळीसेक पानं उठतात.

यंदा सणाला पंधरा दिवस असताना पार्वतम्मा स्टुलावरून पडली. माळ्यावरचं मोठं पातेलं काढायला चढली होती. उजवा हात मनगटात मोडला, कोपरापर्यंत प्लास्टर.

"यंदा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लोकांना फोन करून सांगा, येऊ नका म्हणून."

"भज्जीत असतं काय एवढं?" मी म्हणालो. "सगळं एकत्र टाकायचं आणि हलवायचं. मी करतो."

ती म्हणाली, "आनि आंबील?"

"ती पण."

"करा. पन एक बोली. जमलं तर तुमी जिंकला, मी जन्मभर तुमचं मीठ कमी ऐकून घेईन. न्हाय जमलं तर भरल्या पंगतीत उभं ऱ्हायचं आनि म्हनायचं, बत्तीस वर्षं मी उगाच बोललो."

"कबूल," मी म्हणालो. "पण माझीही अट आहे. तू एक शब्द बोलायचा नाहीस. सूचना नको, सल्ला नको, 'अय्यो' सुद्धा नको."

"न्हाय बोलत," ती म्हणाली. त्या क्षणापासून ती स्वयंपाकाबद्दल एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं होतं, तासाभरात तोंड उघडेल. आमच्या घराण्यात हट्ट माझ्याकडं आहे असा माझा समज होता, तो त्या आठवड्यात गेला.

मी त्याच संध्याकाळी चाळीसच्या चाळीस लोकांना फोन लावले. माझ्या थोरल्या बहिणीला, गंगम्माक्काला, भाकरीसाठी बोलावलं, कारण भाकरी मला जमत नाही हे कबूल करण्याइतका मी प्रामाणिक आहे. मोहोळच्या आबासाहेबांना सांगितलं. ते आमच्या डेपोचे जुने चालक, तीस वर्षांत एक येळ अमावस्या चुकवलेली नाही. "यंदा भज्जी मी करणार," असं मी त्यांना म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "घरनं जेवून येऊ का?"

सणाच्या दोन दिवस आधी मी आंबील केली. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून शिजवलं, एक गुठळी होऊ दिली नाही. गार झाल्यावर ताक घातलं, लसूण आलं ठेचून टाकलं. छान पांढरीशुभ्र झाली. एवढी मेहनतीची वस्तू, दोन दिवस उघड्यावर कशी ठेवायची? दोन स्टीलचे डबे भरले, फ्रीजचे दोन कप्पे रिकामे केले, आणि डबे आत सरकवले. मागं वळून बघतो तर पार्वतम्मा दारात. तिनं तोंड उघडलं. मी बोट वर केलं. तिनं तोंड मिटलं आणि टीव्ही लावायला निघून गेली. टीव्हीसमोर बसून ती हसत होती. मला वाटलं, मालिका विनोदी असेल.

अमावस्येच्या दिवशी पहाटे निघालो. शेताचा वाटेकरी शिवपुत्र त्याचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला होता. मागं पातेलं, सरपण, भाज्यांच्या पिशव्या, डबे, रिकामं मडकं, आणि गोधडीत गुंडाळलेली गंगम्माक्का. पार्वतम्मा पुढं, हात गळ्यात बांधलेला. शेतात पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. शिवपुत्रानं आदल्या दिवशीच खोप उभी केली होती, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले होते. लिंबाखाली बाज टाकली होती, तिच्यावर पार्वतम्मा बसली.

मी डबे मडक्यात ओतायला घेतले. शिवपुत्र वाकून बघत होता.

"काका, वास न्हाय की," तो म्हणाला.

"कसला वास?"

"आंबिलीचा. आंबट वास यायला पायजे की. कवा केली?"

"परवा."

"कुटं ठिवली हुती?"

मी सांगितलं. शिवपुत्र चांगला मुलगा आहे, तो हसला नाही. गंगम्माक्का मात्र चुलीजवळ बसकण मारून हसायला लागली, ती थांबेना. "थंडीत! फ्रीजमधी!" एवढंच तिला म्हणता येत होतं. पाहुणे दुपारी बारापर्यंत येणार, त्याआधी पूजा. आंबील आंबायला दोन दिवस लागतात आणि माझ्याकडं पाच तास होते. आंबील न आंबलेली म्हणजे नुसती पिठाची पेज. ती पाच दगडांपुढं ठेवायची, पिकात शिंपडायची, आणि मग आबासाहेबांना प्यायला द्यायची. तेही आमच्याच शेतात, मीच फोन करून बोलावलेल्या माणसांना.

मी पार्वतम्माकडं बघितलं. ती एका कावळ्याकडं बघत होती.

मला रागच आला. तिचा नव्हे, कबूल करतो, माझाच, पण तो काढायला माणूस नव्हतं म्हणून मी हरभऱ्याच्या रानात शिरलो. चपला खोपीजवळ काढलेल्या. दहा पावलं गेलो आणि भेगाळलेल्या टाचा अशा चुरचुरल्या की मी एक पाय वर घेऊन उभा राहिलो. आणि तसाच उभा राहून मोठ्यानं ओरडलो, "शिवपुत्र! धोतर आण माझं!"

कारण चुरचुरत होती ती आंब होती. हरभऱ्याच्या पानांवर थंडीत दव धरतं, ते आंबट असतं. नुसतं आंबट नव्हे, जिभेला झिणझिण्या आणणारं. माझी आई पोट दुखलं की त्यातले चार थेंब द्यायची. संध्याकाळी स्वच्छ फडकं हरभऱ्यावर पसरायची आणि सकाळी पिळायची. तिला जाऊन वीस वर्षं झाली, आणि ती गोष्ट मला टाचेतून आठवली.

पूजेसाठी आणलेलं कोरं धोतर मी एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं शिवपुत्रानं, आणि हरभऱ्याच्या शेंड्यांवरून ओढत आम्ही ओळीमागून ओळ फिरलो. ऊन वर यायच्या आत सगळं उरकायला हवं होतं. धोतर ओलं झालं की पितळेच्या तांब्यात पिळायचं, आणि पुन्हा ओढायचं. मी साठी ओलांडलेला माणूस, त्या सकाळी किती चाललो मला माहीत नाही. पाय आगीत धरल्यासारखे झाले. धोतरावर हिरवे डाग पडले. पण अडीच तांबे आंब निघाली, फिकट हिरवट. ती अजून नैवेद्यात गेली नव्हती म्हणून चाखायला हरकत नव्हती. बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि माझा एक डोळा आपोआप मिटला.

आंब गाळून आंबिलीत घातली, शिवपुत्राच्या घरचं आंबट ताक आणून ओतलं, मडक्याला फडकं बांधलं. मडक्यातून वास आला. आंबट, हिरवा, रानाचा. असा वास आमच्या आंबिलीला याआधी कधी आला नव्हता. पार्वतम्मा बाजेवरून उठून चार पावलं पुढं आली होती. मी बघितलं तशी परत जाऊन बसली. पण कावळ्याकडं बघणं तिनं सोडून दिलं होतं.

मी हरखून गेलो. अर्धी पैज जिंकली असं मनाशी म्हणत भज्जीला लागलो. तेल, मिरच्या, ठेचलेला लसूण. दाणे घातले, मग गाजर वांगी, मग पालेभाज्या. जी जी भाजी लवकर शिजते ती नंतर, एवढी अक्कल होती. बांधावरची दोनचार बोरंही टाकली. बेसन कालवून सोडलं, लांब दांड्याचं उलथणं घेऊन ढवळत राहिलो, रटरट आवाज यायला लागला. रंग आला, वास आला. आता फक्त मीठ.

मिठाचा डबा उघडला, एक मूठ टाकली, आणि सवयीनं पळीभर भज्जी काढून तोंडाजवळ नेली.

"ए!" गंगम्माक्का भाकरी थापता थापता ओरडली. "नैवेद्य व्हायचाय! उष्टं करतोस व्हय रे?"

पळी तिथंच थांबली. नैवेद्याआधी चाखायचं नसतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. चाळीस माणसांचं पातेलं, आणि त्यातला एक थेंब जिभेवर ठेवायचा नाही. म्हणजे पार्वतम्मा बत्तीस वर्षं न चाखता मीठ घालत होती. आणि मी बत्तीस वर्षं पहिला घास खाऊन, भरल्या पंगतीला ते कमी आहे म्हणून सांगत होतो.

खरं सांगतो, ते कमी नसायचंच. विनोद होता. एकदा लोक हसले, म्हणून दुसऱ्या वर्षी केला, आणि मग तो दरवर्षीचा झाला. मला फार लाज वाटली. पळी हातात धरून, चुलीच्या धुरात, मी लाजेनं उभा होतो.

"अक्का, मीठ किती?" मी हळूच विचारलं.

"माजी भाकरी मी बघते, तुजी भज्जी तू बघ," गंगम्माक्का म्हणाली. ती पार्वतम्माच्या बाजूनं होती, हे मला आधीच कळायला हवं होतं.

मी पार्वतम्माकडं बघितलं. ती गप्प. तोंड घट्ट मिटलेलं, अट पाळणारं. पण तिचा डावा हात मांडीवर होता, आणि त्या हाताची तीन बोटं ताठ उभी होती. चौथं अर्धं दुमडलेलं.

मी डोळे चोळले. धूर होता. पुन्हा बघितलं. तीन आणि अर्धं.

एक मूठ आधीच टाकली होती. आणखी दोन टाकल्या, आणि एक अर्धी. तिनं बोटं मिटली आणि पदर सारखा केला.

पूजा मी पँटवर केली, धोतर हरभऱ्याच्या आंबेत भिजून बांधावर वाळत पडलं होतं. शिवपुत्रानं आंबील शिंपडत शेताला फेरी घातली. बारा वाजता पाहुणे आले. वाटेनं चाललेल्या दोन मोटारसायकलवाल्यांना शिवपुत्रानं हात करून थांबवलं, ते मैंदर्गीला निघाले होते, त्यांनाही बसवलं. पंगत बसली. आयुष्यात पहिल्यांदा मी पंगतीत नव्हतो, पातेल्याशेजारी होतो.

सगळ्यांच्या पानात भज्जी पडली. भाकरी, आंबिलीचे पेले, शेंगाची चटणी, तिळाच्या पोळ्या. लोक जेवायला लागले. आणि कोणी काही बोलेना. आबासाहेब मान खाली घालून जेवतायत. मोटारसायकलवाले जेवतायत. "वाढा की," एवढंच ऐकू येतंय. मी तीनदा पंगतीतून फिरलो, प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत. चांगली झाली का वाईट, कुणीतरी एक शब्द बोलावा. उलथणं धरलेल्या हाताला फोड आले होते, टाचा जळत होत्या, आणि चाळीस माणसं माझं दोन दिवसांचं काम भाकरीनं पुसून खात होती. बरं झालेलं असलं की लोक बोलत नाहीत, नुसते खातात. हे मला कळत होतं, तरी मला तो एक शब्द हवा होता.

फिरता फिरता पार्वतम्मापाशी आलो. तिचं पान वाढलेलं होतं, पण ती जेवत नव्हती. उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि डाव्या हातानं ती जेवणार नव्हती. घरी मीच भरवत होतो, पंधरा दिवस. पण घरात दार लावलेलं असतं. मी तिच्यासमोर मांडी घातली.

"लोक बगत्यात," ती म्हणाली.

"बघू देत."

भाकरीचा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला आणि तिच्या तोंडात दिला. तिनं चावला. मला वाटलं होतं, आता ही मला झुलवणार, एक वर्ष तरी वाट बघायला लावणार. तिचा तो हक्कच होता.

"छलो आग्यद," ती म्हणाली.

आमच्या घरी बाहेरचं बोलणं मराठीत चालतं आणि आतलं कानडीत. छान झालीय, असं ती म्हणाली. घास गिळायला लागतो तेवढाच वेळ घेतला तिनं. मग आंबिलीचा पेला डाव्या हातानं उचलून घोटभर प्यायली, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ही मला आयुष्यात सुचली नसती." दोन शब्द द्यायला तिला एक घास पुरला. मला बत्तीस वर्षं पुरली नव्हती.

तेवढ्यात आबासाहेबांनी पंगतीच्या त्या टोकाकडून आवाज दिला. "ओ संगप्पा! यंदा सूचना न्हाय का? मीठ कसं हाय ते सांगा की!"

पंगत हसायला लागली. सगळे जेवता जेवता थांबले आणि माझ्याकडं बघू लागले. दरवर्षीचा विनोद यायचा राहिला होता.

पैज मी जिंकलो होतो. भज्जी जमली होती, आंबील जमली होती, पार्वतम्मानं स्वतः तसं सांगितलं होतं. तीन बोटांचं तिला आणि मलाच माहीत होतं. मी उठलो. पँटचे गुडघे झटकले, घसा साफ केला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," मी म्हणालो. "यंदाच्या भज्जीत मीठ बरोबर आहे. ते मी घातलं, पण किती घालायचं ते पार्वतम्मानं सांगितलं, न बोलता. गेली बत्तीस वर्षं ती न चाखता मीठ घालत आली, आणि एकदाही ते कमी नव्हतं. मी उगाच बोललो. बत्तीस वर्षं उगाच बोललो."

लोक आधी हसले. त्यांना वाटलं, हाही विनोद. मग हळूहळू हसायचे थांबले. आबासाहेबांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मिरच्या लई घातल्यात बाबा यंदा." गंगम्माक्कानं तव्यावरची भाकरी करपू दिली. मी खाली बसलो आणि पुढचा तुकडा मोडायला घेतला. नजर वर करायची हिंमत नव्हती.

"री," पार्वतम्मा हळूच म्हणाली, म्हणजे कानडीतलं 'अहो'.

"काय?"

"ते मिठाचं झालं. दुसऱ्या पंगतीला तुमी अजून एक म्हनायचा, आठवतंय का? तेल जास्त झालंय म्हनून. ते ऱ्हायलं."

मी तिच्याकडं बघितलं. ती हसू दाबत होती आणि ते तिला दाबता येत नव्हतं.

मी तुकडा पानात ठेवला आणि परत उभा राहिलो.